पाहण्याचा कार्यक्रम

मैत्रिणींनो, तुमच्या माहेरच्या देवघराची भिंत जरा आठवून पाहा. कमळावर उभी लक्ष्मी, वीणा घेतलेली सरस्वती, काचेवर वर्षानुवर्षांची कुंकवाची बोटं. माझ्या आजोळी लक्ष्मीच्या साडीला खरी जर आणि टिकल्या चिकटवलेल्या होत्या. छापील चित्र आणून ते असं सजवायची हौस त्या काळी पुष्कळ बायकांना होती. हे चित्र राजा रविवर्म्याचं आहे हे आजीला ठाऊक नव्हतं, आणि त्यावाचून तिचं काही अडलंही नाही. रविवर्म्यानं १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलला. त्या छापखान्यामुळे राजेरजवाड्यांच्या दिवाणखान्यातली चित्रकला तुमच्या-आमच्या माजघरापर्यंत येऊन पोचली. त्यामुळे बायकांना चित्रातलं काही कळत नाही असं कुणी म्हटलं की मला हसू येतं. चित्रं आपल्या ओळखीची आहेत, दबकायला होतं ते संग्रहालयाच्या दारात.

हे मी औंधला पाहिलं. सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्यातलं हे औंध. यमाईदेवी कितीतरी घराण्यांची कुलस्वामिनी. टेम्पो करून, एसटीनं, नवीन जोडपी घेऊन बायका येतात, मूळपीठाचा डोंगर चढतात, ओटी भरतात. त्याच डोंगराच्या वाटेवर श्री भवानी संग्रहालय आहे. बहुतेक जणी त्याच्या अंगावरून वर जातात आणि तशाच खाली उतरतात. ज्या आत शिरतात त्या दहा मिनिटांत बाहेर. काय पाहिलंत म्हणून विचारावं तर उत्तर येतं, "लई फोटू हायती बगा."

हे संग्रहालय औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३८ मध्ये उभारलं. बाळासाहेब म्हटलं की आपल्याला सूर्यनमस्कार आठवतात. प्रजेच्या हाती कारभार देणारी १९३९ ची औंधची राज्यघटना आठवते, आणि आटपाडीजवळची स्वतंत्रपूरची कैद्यांची वसाहत तर 'दो आँखें बारह हाथ'मुळे सगळ्यांना माहीत झाली. पण हा राजा स्वतः चित्रं काढायचा, कीर्तन करायचा. आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे त्यानं वेरूळ (१९२९) आणि अजिंठा (१९३२) इथल्या लेण्यांवर पाहुण्यांसाठी पुस्तकं लिहिली. थोडक्यात, औंधचा पहिला गाईड राजाच! संस्थान छोटं, उत्पन्न बेताचं. तरी त्यानं रविवर्म्याची चित्रं जमवली, धुरंधरांसारख्या चित्रकारांकडून काढून घेतली, जुनी लघुचित्रं गोळा केली. आणि हे सगळं मुंबई-पुण्याला न ठेवता देवीच्या वाटेवर ठेवलं, येणाऱ्या-जाणाऱ्याला सहज दिसेल असं.

मी बी.ए. झाले ती इतिहास घेऊन. पदवीचा कागद लग्नानंतर कपाटात गेला तो मुलांच्या शाळाप्रवेशाचा अर्ज भरताना 'आईचे शिक्षण' या रकान्यापुरता बाहेर यायचा. महिला मंडळ, बचत गट, कौटुंबिक भांडणांत समुपदेशन असं काम गेली पंधरा-सोळा वर्षं चालू आहे. गटाच्या बायकांना घेऊन देवीला जाणं त्यातूनच सुरू झालं, आणि वाटेतलं संग्रहालय दाखवणंही. मला कुणी नेमलेलं नाही. गळ्यात ओळखपत्राचा पट्टा नाही की मानधन नाही. आम्ही रीतसर आत जातो, मी हळू आवाजात बोलते, बायका विचारतात, आम्ही बाहेर येतो. वर्षातून सात-आठ खेपा होतात.

मोठ्या शहरांत या कामाला मान आहे. अमेरिकेत बॉस्टनच्या कलासंग्रहालयानं १९०७ च्या सुमारास पाहुण्यांसोबत फिरून चित्रं समजावणारी माणसं ठेवायला सुरुवात केली, आणि पुढे तिकडे हे काम मुख्यतः स्त्रियांनीच केलं. आपल्याकडे दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयानंही 'पथप्रदर्शक' या नावानं स्वयंसेवक तयार केले. खेड्यातल्या संग्रहालयात मात्र अशी व्यवस्था सहसा नसते. तिथं असतो तो पहारेकरी, आणि त्याचं काम "हात लावू नका" एवढं सांगण्याचं. ते तो चोख करतो, त्याला दोष नाही. पण ज्या बाईला जन्मभर "हे नको, ते नको"च ऐकायची सवय आहे, तिला तिथंही तेच ऐकू आलं तर ती पदर सावरून भिंतीकडेनं निघूनच जाणार ना?

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा उमगली. आपल्याला लहानपणी कितीदा सांगितलेलं असतं, "टक लावून बघू नये, खाली मान घालून चालावं." बाईनं बघायचं नसतं, बाईला बघायचं असतं. लग्नाआधीचा 'पाहण्याचा कार्यक्रम' आठवा! चहाचा ट्रे घेऊन आपण बाहेर यायचं, आणि सात-आठ जणांनी उंची, रंग, चालणं, बोलणं न्याहाळायचं. त्या बैठकीत आपण त्या मुलाकडे किती वेळ पाहिलं होतं? मला तर माझ्या नवऱ्याचे बूट तेवढे दिसले होते. अशा आपण सगळ्या एकदम एका दालनात उभ्या राहतो, समोर चित्र, आणि कुणीतरी म्हणतं की आता पाहा, हवं तेवढा वेळ पाहा. सुरुवातीला डोळे ठरतच नाहीत. बायका एकमेकींकडे पाहतात, माझ्याकडे पाहतात, पण चित्राकडे पाहत नाहीत.

शहरातली शिकलेली माणसं तरी फार वेगळी असतात असं समजू नका. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात केलेला एक अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. जगप्रसिद्ध चित्रांसमोर माणसं सरासरी किती वेळ थांबतात ते मोजलं, तर २७ सेकंद! त्यातही निम्म्या खेपेला १७ सेकंदांहून कमी. आपल्याकडे कुकरची एक शिट्टी व्हायला याहून जास्त वेळ लागतो.

म्हणून मी आधी नाव सांगत नाही, सालही सांगत नाही. रविवर्म्याच्या 'सैरंध्री'समोर पहिल्यांदा फक्त एवढंच विचारते, "काय दिसतंय?" मग कुणी साडीबद्दल बोलतं, कुणी दागिन्यांबद्दल. हसू नका, तेही चित्र पाहणंच आहे. कापडाची सुरकुती कशी पडते, जर उजेडात कशी दिसते, हे चित्रकारानं किती मेहनतीनं टिपलंय ते साडीची घडी रोज घालणाऱ्या बाईइतकं कुणाला कळणार? दागिने झाले की मग चेहऱ्याकडे लक्ष जातं. "ताई, हिच्या मनात कायतरी हाय." तेव्हा मी गोष्ट सांगते. पांडव अज्ञातवासात विराटाच्या घरी राहिले, द्रौपदी सैरंध्री होऊन राणी सुदेष्णेची वेणीफणी करू लागली. राणीचा भाऊ कीचक. त्याची नजर हिच्यावर आहे हे राणीला माहीत, तरी मद्य आणायच्या निमित्तानं राणीनं हिला त्याच्याच महालात पाठवलं.

एकदा इथवर सांगून झालं, आणि मागं उभी असलेली एक बाई म्हणाली, "मालकिनीला ठावं हुतं, मग धाडलंच कशाला?"

कुणीच काही बोललं नाही. मीही बोलले नाही, कारण ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितली होती, पण मला कीचकच दिसायचा. सुदेष्णा कधी दिसली नव्हती. त्या बाई चार घरची धुणीभांडी करतात. परतीच्या टेम्पोत त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि दोन वर्षांपूर्वी एक घर का सोडलं ते त्यांनी सांगितलं. घरी "पगार परवडंना" एवढंच कळलं होतं. पुढचं मी इथं लिहिणार नाही, ते त्यांचं आहे. पण समुपदेशनाच्या बैठकीत आम्ही विचारतो, कुणाला काही त्रास आहे का, तर एकही हात वर होत नाही. तोच प्रश्न न विचारता एका चित्रानं विचारला, असं मला त्या दिवशी वाटलं. चित्र पाहणं म्हणजे रिकामपणाची हौस, असं माझ्याच मंडळातल्या काही कार्यकर्त्या म्हणतात. त्यांच्याशी मी आता वाद घालत नाही. पुढच्या खेपेला सोबत चला म्हणते.

औंधच्या संग्रहात हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं 'आई आणि मूल' हे दगडातलं शिल्पही आहे. मूर जगातल्या मोठ्या शिल्पकारांत गणला जातो, आणि त्याचं शिल्प आपल्या खटाव तालुक्यात! याचं मला अजून नवल वाटतं. रविवर्म्यापुढून तिथं आलं की बायकांचा हिरमोड होतो. साडी नाही, दागिने नाहीत, नाकीडोळी नीटस तर नाहीच नाही. "हे अर्धवट राह्यलंय व्हय?" असा प्रश्न एकदा आला. एक आजी म्हणाल्या, "न्हाई गं, वरवंट्यावानी घासून घासून झालंय ते." मला ही टीका कुठल्याही समीक्षकाच्या तोडीची वाटते. मूर हा खाणकामगाराचा मुलगा, आठ भावंडांतला सातवा. त्याच्या आईची पाठ संधिवातानं दुखायची आणि लहानपणी हा तिच्या पाठीला तेल चोळायचा. मोठेपणी स्त्रीची पाठ घडवताना आपल्याला त्या पाठीची आठवण होती, असं तो सांगायचा. एवढं सांगितलं की बायका त्या दगडाकडे वेगळ्याच नजरेनं बघतात. पाठ दुखणं काय असतं ते शेतात खुरपणाऱ्या बाईला समजावून सांगावं लागत नाही.

"केवढ्याला असंल?" हा प्रश्न मात्र प्रत्येक खेपेला येतो. येऊ दे. मी म्हणते, विकायचं नाही, आपलं आहे. खरंच आपलं आहे, कारण संग्रहालय सरकारी आहे. तिथल्या भिंतींचा रंग आणि पहारेकऱ्याचा पगार तुमच्या-माझ्या करातून निघतो. काडेपेटीवरही कर भरणाऱ्या बाईनं दबून उभं राहायचं काही कारण नाही.

कुणी देवीच्या चित्राला हात जोडतं, कुणी समोर नाणं ठेवतं. मी हसत नाही आणि टोकतही नाही. नाणं फक्त उचलून परत देते, खाली यमाईच्या पेटीत टाका म्हणून सांगते.

आता थोडं कामाचं. एका खेपेला चार, फार तर पाच चित्रं, त्याहून जास्त नाही. बॉस्टनच्याच संग्रहालयातल्या बेंजामिन गिलमन नावाच्या अधिकाऱ्यानं १९१६ साली 'संग्रहालयातला थकवा' या विषयावर लेख लिहिला होता. माणसाला कपाटातल्या वस्तू पाहण्यासाठी किती वाकावं लागतं, मान किती वळवावी लागते याचे फोटोच त्यानं छापले. शंभर वर्षं उलटून गेली तरी आपल्याकडच्या कपाटांची उंची पाहिली की तो लेख कुणी वाचलाय असं वाटत नाही. गुडघेदुखीच्या बायका सोबत असतील तर बसायला जागा कुठं आहे ते आधी पाहून ठेवावं. चष्मा! आपल्या बायका चष्मा घरी ठेवतात, बाहेर लावायला लाजतात, आणि मग लघुचित्रासमोर डोळे बारीक करून उभ्या राहतात. निघतानाच पर्स तपासून घ्यायची, पाण्याची बाटली आहे का आणि चष्मा आहे का. लहान मूल सोबत असेल तर त्याला आधी खाऊ घालून आणायचं, म्हणजे त्याच्या आईला निदान दोन चित्रं शांतपणे बघता येतात.

आणि अभ्यास करायचा. फुकट करतोय म्हणून काहीही सांगून चालत नाही, उलट जास्तच जपावं लागतं, कारण आपण सांगितलेलं या बायका घरी जाऊन मुलांना सांगणार असतात. मराठीत वाचायला पुष्कळ आहे. धुरंधरांचं 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' हे आत्मकथन आहे. त्यांची मुलगी अंबिका धुरंधर स्वतः जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेली चित्रकार, तिच्या आठवणी 'माझी स्मरणचित्रे' या पुस्तकात आहेत. सुहास बहुळकर आणि दीपक घारे यांनी संपादित केलेला शिल्पकार चरित्रकोशाचा दृश्यकला खंड तालुक्याच्या वाचनालयानं मागवावा म्हणून मी दोन वर्षं मागे लागले होते, शेवटी आला. आता तो कपाटात कुलपात आहे, पण मागितला की देतात.

या कामात मला पैसे मिळत नाहीत यावर घरी आणि शेजारी बरीच चर्चा झालेली आहे. सासूबाईंना आधी हे पटलं नव्हतं, आता त्याच विचारतात, "पुढची खेप कधी?" पण प्रश्न खरा आहे आणि तो माझ्यापुरता नाही. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटनं सप्टेंबर २०२१ मध्ये आपल्या ऐंशीहून जास्त विनावेतन मार्गदर्शकांना पत्र पाठवून हा कार्यक्रमच थांबवला. त्यांत बहुतेक उतारवयाच्या, सुखवस्तू गोऱ्या बायका होत्या. संस्थेचं म्हणणं असं, की फुकट काम करणं ज्यांना परवडतं त्याच या कामात येतात, बाकीच्यांना दार बंद राहतं. म्हणून पगारी माणसं नेमू. यावर तिकडे मोठा गदारोळ झाला. वर्षानुवर्षं जीव ओतून काम केलेल्या बायकांना पत्रानं निरोप द्यायची रीत मलाही आवडली नाही.

पण मुद्दा खोडता येत नाही. मी हे करू शकते कारण माझ्या घरची चूल माझ्या मजुरीवर पेटत नाही. सुदेष्णेबद्दल विचारणाऱ्या त्या बाई माझ्यापेक्षा चांगल्या गाईड होतील, मला शंका नाही. पण त्यांचा एक खाडा म्हणजे चार घरचं बोलणं. सरकारनं औंधसारख्या ठिकाणी गावातल्याच दोघी-तिघींना शिकवून, पगार देऊन नेमावं असं माझं स्पष्ट मत आहे. यमाईच्या वाटेवर येणाऱ्या माणसांची संख्या पाहता त्यांना काम कमी पडणार नाही. "स्वयंसेविका आहेत ना, मग कशाला नेमायचं?" असं कुणी म्हणायला लागलं तर मी त्या दिवशी हे बंद करीन आणि उपोषणाला बसेन, असं मंडळाच्या बैठकीत म्हटलं तेव्हा सगळ्या हसल्या. मी गमतीनं म्हटलं नव्हतं.

तोवर ज्यांना सवड आहे त्यांनी हात लावायला हरकत नाही. औंधच पाहिजे असं कुठं आहे? कोल्हापूरला टाऊन हॉलचं संग्रहालय आहे, नागपूरला १८६३ पासूनचा अजबबंगला आहे. पुण्याच्या केळकर संग्रहालयात तर आडकित्ते, दिवे, स्वयंपाकाची भांडी यांचीच दुनिया आहे, तिथं कुठल्याही आजीबाईंना उभं करा, पाटीवर लिहिलंय त्याच्या दुप्पट त्या सांगतील. आधी संग्रहालयाच्या अभिरक्षकांना भेटा, आपण काय करणार ते साध्या अर्जात लिहून द्या. बहुतेक ठिकाणी ते खूशच होतात. ओळखीच्या पाच जणींपासून सुरुवात करा, पंचवीस नकोत. पंचवीस जणी असल्या की सहल होते आणि सगळ्यांचं लक्ष डब्यांकडे राहतं.

औंधला येणार असाल तर सकाळी लवकर निघा. संग्रहालय त्या दिवशी उघडं आहे ना, ते आदल्या दिवशी विचारून घ्या, सरकारी सुट्ट्यांचा भरवसा नसतो. आधी डोंगर चढून देवीचं दर्शन घ्या, उतरताना संग्रहालय. आमच्या अनुभवात उलट केलं की बायकांचं अर्धं चित्त वर ओटीच्या ताटात राहतं. ओटीचं सामान घरूनच आणलंत तर वेळ वाचतो. आणि परतीच्या गाडीची वेळ उतरल्या उतरल्या स्टँडवर लिहून घ्या, म्हणजे सैरंध्रीसमोर कुणी घड्याळ बघत बसणार नाही.